फुप्फुसात पसरलेला किडनीचा कॅन्सर आणि एकाच गोळीचे तीन भाव

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका भावाचा आहे. थोडक्यात असा: अण्णांचं वय 61. गाठीमुळे डावी किडनी अडीच वर्षांपूर्वी काढली. आताच्या तपासणीत दोन्ही फुप्फुसांत लहान गाठी दिसल्या. डॉक्टरांनी पाझोपॅनिब नावाची गोळी लिहून दिली. हॉस्पिटलच्या दुकानात महिन्याचे 31,000 सांगितले, शहरातल्या दुसऱ्या दुकानात 11,500, आणि ओळखीचा एक जण म्हणतो की बाहेरून मागवून याहून कमीत देतो. स्वस्त गोळी बनावट असते का? पाहुणे म्हणतात गोळ्यांत काही राम नाही, नवीन इंजेक्शन घ्या. दोन एकर वावर विकायला काढलंय, समोरचा इसार द्यायला तयार आहे. काय करावं?

दादा, इसार एवढ्यात घेऊ नका. कारण शेवटी सांगतो, आधी गोळीचं बोलू.

मी डॉक्टर नाही. 23 वर्षं कॅन्सरच्या औषधांच्या काउंटरमागे उभा राहिलेला फार्मासिस्ट आहे, आधी लातूरला आणि नंतर संभाजीनगरला. अण्णांना कोणतं औषध द्यायचं ते तुमचे ऑन्कोलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरचे डॉक्टर, ठरवतील. पण ते औषध कुठून येतं, पाकिटावर तो आकडा कसा छापला जातो आणि घरी गेल्यावर गोळी कशी वाया जाते, हे मी रोज बघतो.

तुम्हाला पडलेलं कोडं असं की गोळी तीच, मग 31,000 आणि 11,500 कसे? यात बहुतेक वेळा फसवणूक नसते, बाजाराची रीत असते, आणि ती रीत फसवणुकीपेक्षा फार बरी आहे असंही मी म्हणणार नाही. मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली की भाव पडतो, आणि तो सगळ्यांना दिसतो. औषधात तसं होत नाही. पेटंट चालू असेपर्यंत विकणारा एकच असतो, तो म्हणेल तो भाव. पेटंट संपलं की आठ-दहा कंपन्या तीच गोळी काढतात. आता स्पर्धा झाली, भाव पडायला हवा. पडतोही, पण दुकानदारासाठी. कॅन्सरची गोळी पेशंट निवडत नाही. डॉक्टर लिहितो आणि दुकानात जो ब्रँड असेल तो मिळतो. म्हणून कंपन्या पेशंटला स्वस्त देण्यापेक्षा दुकानाला जास्त मार्जिन सोडतात. पाकिटावरची एमआरपी उंचच राहते, दुकानाची खरेदी खाली जाते. मधली फट कोणी स्वतःकडे ठेवतो, कोणी पेशंटला अर्धी देतो, कोणी जवळजवळ सगळी देतो. 31,000 आणि 11,500 हा त्या फटीचा फरक आहे.

एका ठिकाणी नोकरीला असताना एकाच औषधाच्या चार ब्रँडपैकी कोणता ठेवायचा यावर बैठक होती. मी चारही कंपन्यांचे चाचणी-अहवाल फाइलला लावून नेले होते. फाइल उघडलीच नाही. कोण किती सोडतंय एवढं विचारलं आणि पाच मिनिटांत चहा आला.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये एनपीपीए म्हणजे राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कॅन्सरच्या 42 औषधांवर व्यापारी मार्जिन 30 टक्क्यांच्या वर न्यायचं नाही अशी मर्यादा घातली, आणि शेकडो ब्रँडच्या छापील किमती खाली आल्या. काही तर दहाव्या हिश्श्यावर आल्या. यादीत नसलेल्या औषधांचं मात्र जुनंच चालू राहिलं. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशभरातली कॅन्सर हॉस्पिटलं राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड म्हणून एकत्र आली आहेत. त्यांनी 40 औषधांची मिळून बोली लावली, तेव्हा छापील किमतीच्या मानाने 80 टक्क्यांहून जास्त पैसे वाचले. म्हणजे एमआरपी 100 असलेला माल मोठा खरेदीदार उभा राहिला की 20 च्या आत मिळतो, आणि तो विकूनही कंपनी तोट्यात जात नाही. हे एवढं लक्षात ठेवलंत तर काउंटरवर आवाज थोडा मोठा होईल.

आणि घासाघीस करायला लाजू नका. कापसाच्या बियाण्याच्या पाकिटावर आपण करतोच ना.

आता या औषधांच्या बाजाराची जी गोष्ट प्रत्येक मराठी घराला माहीत असावी असं मला वाटतं, ती सांगतो. सोराफेनिब ही किडनीच्या पसरलेल्या कॅन्सरवर आलेली पहिली टार्गेटेड गोळी, म्हणजे कॅन्सरची नेमकी एखादी यंत्रणा अडवणारी. अमेरिकेत डिसेंबर 2005 मध्ये मान्यता मिळाली, बायर कंपनीची, ब्रँड नेक्साव्हर. भारतात महिन्याच्या 120 गोळ्यांची किंमत 2,80,428 रुपये होती. मी तेव्हा लातूरला होतो. चिठ्ठी घेऊन माणूस यायचा, आकडा ऐकायचा, चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवायचा आणि 'बघतो' म्हणून जायचा. परत यायचा नाही. मार्च 2012 मध्ये पेटंट कार्यालयाचे महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला. पेटंट बायरचंच राहील, पण नॅटकोनेही गोळी बनवावी, महिन्याला 8,880 रुपयांच्या वर विकू नये आणि बायरला 6 टक्के रॉयल्टी द्यावी, असा तो आदेश. रॉयल्टी पुढे 7 टक्के झाली. आदेशातलं एक वाक्य मी तेव्हा काउंटरवर कापून चिकटवलं होतं, त्याचा आशय असा की ज्यांना हे औषध लागतं त्यातल्या जेमतेम 2 टक्क्यांच्या आसपास लोकांपर्यंत ते पोचत होतं. बायर मुंबई उच्च न्यायालयात गेली, 2014 मध्ये हरली, सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी हात घातला नाही. भारतात औषधावर असा परवाना दिला गेलाय तो हा एकच. पुढे दुसऱ्या औषधांसाठी अर्ज झाले, ते फेटाळले गेले.

2,80,428 ची गोळी 8,880 ला मिळू लागली आणि तिच्या आत औषध तेच होतं. 'स्वस्त म्हणजे बनावट' ही भीती मला कळते, पण या एका आकड्याने ती निम्मी तरी जावी.

अण्णांची पाझोपॅनिब आणि तिची थोरली बहीण सुनिटिनिब, दोघींच्या मूळ पेटंटची मुदत भारतात 2021 च्या आसपास संपली. ॲक्सिटिनिबची त्याआधी. त्यामुळे आता या तिन्ही गोळ्या कितीतरी भारतीय कंपन्यांच्या मिळतात. तुम्ही म्हणता ती 11,500 ची गोळी त्यांतलीच असणार. बिल पक्कं आहे का, बिलावर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख आहे का, तोच नंबर पाकिटावर आणि आतल्या डबीवर किंवा पट्टीवर आहे का, उत्पादकाचं नाव आणि परवाना क्रमांक छापलाय का, एवढं बघा. जुळत असेल तर घ्या. एकदा एक ब्रँड सुरू केला की उगाच दर महिन्याला बदलू नका. औषध वाईट असतं म्हणून नाही. काही त्रास झाला तर तो कशाने झाला हे डॉक्टरांना शोधणं सोपं जातं म्हणून. रिकामी पाकिटं तीन महिने टाकू नका.

तो 'बाहेरून मागवून देणारा' मात्र सोडा. हा माल बहुतेक वेळा बांगलादेशचा असतो. तो देश जागतिक व्यापार नियमांत अतिअविकसित गटात असल्यामुळे तिथल्या कंपन्यांना औषधांच्या पेटंटमधून सूट आहे. त्या कंपन्या कायदेशीर आहेत, पण भारतात परवानगीशिवाय पिशवीतून आलेला डबा कायदेशीर नाही. तो 44 डिग्रीत कुठल्या गोदामात पडून होता, खरंच त्याच कंपनीचा आहे का, हे सांगायला कुणी नाही. त्रास झाला तर दाद मागायला बिलही नाही. भारतात न मिळणारं औषध स्वतःच्या पेशंटसाठी आणायची सरळ वाट आहे: फॉर्म 12 ए वर अर्ज करायचा, 12 बी वर परवाना मिळतो, डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी लागते. पण पाझोपॅनिब इथेच मिळत असताना त्या भानगडीत पडायचं कारणच नाही.

बनावट औषधाचा खरा धोका गोळीपेक्षा महागड्या इंजेक्शनमध्ये जास्त आहे. मार्च 2024 मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली, ती हॉस्पिटलांतून रिकाम्या व्हायल (इंजेक्शनच्या बाटल्या) गोळा करून त्यात भलतंच भरून विकत होती. इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती कामाला लावणाऱ्या औषधांच्या, नामांकित ब्रँडच्या व्हायल होत्या त्या. म्हणून पुढे कधी इंजेक्शनची वेळ आली तर सील तुमच्यासमोर तुटू द्या, बॅच नंबर मोबाइलवर फोटोत घ्या, आणि रिकामी बाटली तुमच्यासमोर फोडायला किंवा तिच्या लेबलवर मार्करने रेघ मारायला सांगा. नर्स नाराज होईल. होऊ द्या.

पाहुण्यांच्या इंजेक्शनकडे येतो, पण त्याआधी ही गोळी करते काय ते समजून घ्या, म्हणजे 'राम नाही' हे कितपत खरं ते कळेल.

किडनीच्या कॅन्सरमधला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, साधारण चारात तीन जणांना होणारा, क्लिअर सेल नावाचा आहे. अण्णांच्या बायोप्सीच्या कागदावर हा शब्द आहे का ते आजच बघा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. या पेशींमध्ये व्हीएचएल नावाचं जनुक बहुधा बिघडलेलं असतं. त्याचं काम ऑक्सिजन पुरेसा असताना 'सगळं ठीक आहे' म्हणायचं. ते बिघडलं की पेशी ऑक्सिजन असूनही नाही म्हणून ओरड करत राहते. शरीर त्या ओरडीला फसून तिच्याकडे नवीन रक्तवाहिन्या धाडतं. पाणी भरपूर असलेल्या वावराने रोज रात्री पाट फोडून दुसऱ्याचं बारं आपल्याकडे वळवावं, तसं. शरीराचं हे ऑक्सिजन ओळखण्याचं तंत्र उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा या तिघांना 2019 चं नोबेल मिळालं. पाझोपॅनिब, सुनिटिनिब, ॲक्सिटिनिब, कॅबोझँटिनिब ही सगळी मंडळी त्या पाटाचं दार बंद करतात. केमोसारखी पेशीवर सरळ हल्ला करत नाहीत. साधी केमो या कॅन्सरला फारशी जुमानतच नाही, म्हणून 2005 च्या आधी इंटरफेरॉन आणि इंटरल्यूकिन या जुन्या इंजेक्शनांशिवाय हातात काही नव्हतं.

फरक किती पडला? 2007 मध्ये सुनिटिनिबची इंटरफेरॉनशी तुलना छापून आली: आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ (निम्म्या पेशंटांचा याहून जास्त, निम्म्यांचा कमी) 5 महिन्यांवरून 11 महिन्यांवर गेला. पुढे पाझोपॅनिब आणि सुनिटिनिब यांची 1,110 पेशंटमध्ये समोरासमोर तुलना झाली, 2013 मध्ये निकाल आला, परिणामात पाझोपॅनिब कमी पडली नाही. दुसऱ्या एका अभ्यासात तर त्याच पेशंटांना आधी एक आणि मग दुसरी गोळी दिली, कुठली कुठली हे न सांगता, आणि विचारलं की तुम्हाला कोणती बरी वाटली. 70 टक्क्यांनी पाझोपॅनिब सांगितली, 22 टक्क्यांनी सुनिटिनिब. मला हा अभ्यास फार आवडतो. पेशंटला विचारणं एवढं साधं काम किती कमी वेळा होतं. पाझोपॅनिबने हाता-पायांचा आणि थकव्याचा त्रास कमी, लिव्हरचा जास्त. तेव्हा गोळीत राम आहे.

आता इंजेक्शन. निवोलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही नावं तुम्ही ऐकली असतील. यांना टार्गेटेड म्हणत नाहीत, इम्युनोथेरपी म्हणतात. ती शरीराच्या स्वतःच्या पहारेकऱ्यांच्या डोळ्यांवरची पट्टी काढतात. आणि हो, पाहुणे अगदीच चुकीचं बोलत नाहीत. 2018 मध्ये निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब (हेही इम्युनोथेरपीचंच इंजेक्शन) ही जोडी सुनिटिनिबसमोर उभी केली होती. ज्यांचा आजार मध्यम किंवा जास्त जोखमीचा होता त्यांत 100 पैकी 42 जणांच्या गाठी चांगल्या आक्रसल्या, सुनिटिनिबवर 27 जणांच्या. पूर्ण नाहीशा झाल्या त्या 9 विरुद्ध 1. पुढे पेम्ब्रोलिझुमॅब आणि ॲक्सिटिनिब, निवोलुमॅब आणि कॅबोझँटिनिब, पेम्ब्रोलिझुमॅब आणि लेनव्हॅटिनिब अशा इंजेक्शन-गोळीच्या जोड्या आल्या, 2019 ते 2021 दरम्यान. जगभर आज पहिला डाव बहुतेक याच जोड्यांनी मांडला जातो.

पण वरच्या वाक्यात 'मध्यम किंवा जास्त जोखमीचा' हे शब्द आले, ते पाहुण्यांना कुणी सांगितले नसतील. जोखीम ठरवायला सहा गोष्टी बघतात: निदान झाल्यापासून औषध सुरू करेपर्यंत एक वर्ष झालं का, पेशंट हिंडता-फिरता आहे का, हिमोग्लोबिन कमी आहे का, रक्तात कॅल्शियम, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आणि प्लेटलेट वाढलेत का. एकही गोष्ट वाईट नसेल तर कमी जोखीम. अण्णांची किडनी काढून अडीच वर्षं झाली, म्हणजे पहिली गोष्ट त्यांच्या बाजूची. बाकीच्या पाच साध्या रक्ताच्या रिपोर्टवर आणि अण्णा अजून शेतावर चक्कर मारतात का यावर आहेत. कमी जोखमीच्या गटात त्या इम्युनोथेरपीच्या दोन्ही इंजेक्शनांपेक्षा सुनिटिनिबवर जास्त जणांच्या गाठी आक्रसल्या होत्या, आणि इंजेक्शन-गोळीच्या जोडीने नुसत्या गोळीपेक्षा आयुष्य ठळक वाढल्याचं त्या गटात दिसलेलं नाही. डॉक्टरांनी पाझोपॅनिब एकटी लिहिली ती तुमचा खिसा बघूनच, असं लगेच धरू नका. कदाचित रिपोर्ट बघून लिहिली असेल. सरळ विचारा: "साहेब, अण्णा कोणत्या जोखमीच्या गटात बसतात?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने खूश होतो.

आणखी एक गोष्ट विचारा, जी विचारायला लोक घाबरतात: लगेच औषध सुरू करायलाच हवं का? गाठी लहान, हळू वाढणाऱ्या, पेशंटला काही त्रास नाही, अशा निवडक लोकांवर नुसती नजर ठेवण्याचा अभ्यास 2016 मध्ये आला. 52 पेशंट होते, औषध लागेपर्यंत मध्यम काळ 14.9 महिने गेला. अण्णा त्यात बसतात की नाही ते जुना आणि नवा असे दोन सीटी स्कॅन शेजारी ठेवूनच कळेल, म्हणून जुनी सीडी घरात कुठे असेल ती शोधा.

इंजेक्शनच्या किमतीचं मी आकड्यात सांगणार नाही, ती हलती आहे. पेम्ब्रोलिझुमॅबवरची सीमाशुल्काची सूट एप्रिल 2023 पासून आहे, औषधांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 चा 5 टक्के झाला, निवोलुमॅबचं भारतातलं पेटंट मे 2026 पर्यंतचं. पेटंट संपलं की बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी काढलेली तशीच औषधं, येतात, पण सोराफेनिबसारखी तीस पट घसरण इथे होत नाही, कारण हे औषध गोळीसारखं रसायन मिसळून होत नाही, जिवंत पेशींत वाढवावं लागतं. कंपन्यांचे 'इतके डोस विकत घ्या, पुढचे मोफत' असे कार्यक्रम असतात. त्यात नाव घालताना एकच बघा, कार्यक्रम मध्येच बंद झाला तर काय, हे कागदावर लिहिलंय का. मी दोन कुटुंबं पाहिली आहेत ज्यांनी सुरुवातीचे डोस कर्ज काढून घेतले आणि मोफतची पाळी आली तेव्हा कार्यक्रमाचे नियम बदलले होते.

कमी डोसच्या निवोलुमॅबबद्दलही कुणीतरी सांगेल. टाटा मेमोरियलचा तो अभ्यास खरा आणि मोलाचा आहे, 240 ऐवजी फक्त 20 मिलिग्रॅम दिलं होतं. पण तो डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये झालाय, सोबत दुसऱ्या गोळ्या होत्या. तो जसाच्या तसा किडनीला लावता येत नाही.

सगळ्यात नवीन गोळी बेलझुटिफॅन. ती पाटाच्या दाराशी न जाता त्या खोट्या ओरडीलाच गप्प करते. अमेरिकेत पसरलेल्या किडनी कॅन्सरसाठी डिसेंबर 2023 मध्ये मान्यता मिळाली, पण आधीची औषधं घेऊन झालेल्यांसाठी. तुमच्यासाठी आज तिचा विचार करायची वेळ नाही.

आता घरातलं. इथे मी जरा रेंगाळणार, कारण औषध दुकानातल्यापेक्षा घरात जास्त वाया जातं.

पाझोपॅनिब उपाशीपोटी घ्यायची असते, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास. भरल्या पोटी घेतली तर रक्तात दुपटीने चढते, आणि त्रासही त्या मानाने होतो. आपल्याकडे 'औषध जड असतं, उपाशी घेऊ नये' हे इतकं मुरलेलं आहे की सून प्रेमाने आधी भाकरी-दूध देते आणि मग गोळी. बीड जिल्ह्यातल्या एका बापूंचं लिव्हर असंच बिघडत होतं, डॉक्टर डोस कमी करत होते. मी बोलता बोलता विचारलं, गोळी कशी घेता? म्हणाले, "पोळी-तुपासंगं, पोटाला आधार नको का?" तूप म्हणजे तर कहरच. वेळ बदलली आणि सहा आठवड्यांत रिपोर्ट खाली आले. जेवणासोबत घ्यायचीच असेल तर 800 ऐवजी 600 मिलिग्रॅम पुरते असा नेदरलँड्समधला एक अभ्यास आहे, आणि त्यात पैसेही वाचतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा. स्वतःच्या मनाने करू नका. गोळी चुरून किंवा तोडून देऊ नका.

याच्या उलट गोष्ट ॲसिडिटीच्या गोळीची. मराठवाड्यात माणूस दवाखान्यात गेला आणि पँटोप्रॅझोल न घेता परत आला असं होत नाही. पोटातलं आम्ल कमी झालं की पाझोपॅनिब नीट विरघळत नाही, शरीरात कमी जाते. म्हणजे 11,500 ची गोळी खायची आणि पंधरा रुपयांच्या गोळीने तिला पाडायचं. अण्णा सकाळी पँटोप्रॅझोल घेत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मोसंबीबद्दल प्रत्येक जण विचारतो, जालना जवळ आहे म्हणून. इंटरनेटवर 'ग्रेपफ्रूट खाऊ नका' वाचलेलं असतं आणि लोक मोसंबी बंद करतात. मोसंबी चालते. चालत नाही ते पपनस आणि ग्रेपफ्रूट. ती फळं औषध मोडणाऱ्या यंत्रणेला अडवतात. टीबीचं औषध, मिरगीच्या काही गोळ्या, बुरशीच्या काही गोळ्या यांच्याशीही भांडण होतं, म्हणून घरातल्या सगळ्या औषधांची पिशवीच डॉक्टरांसमोर ओता.

बीपी वाढेल, हे धरूनच चाला. मशीन घरी आणा, पहिले दोन महिने रोज सकाळी मोजून वहीत लिहा. बीपी वाढलं म्हणून गोळी बंद करायची नसते, बीपीची गोळी सुरू करायची असते. वाढलेलं बीपी बऱ्याचदा औषध लागू पडत असल्याची खूण ठरलंय. जुलाब होतील. तोंड आलं तर ठेचा आणि येसराची आमटी काही दिवस बाजूला. तळपाय आणि तळहात लाल होऊन सोलले जाऊ शकतात, म्हणून सुरुवातीपासून औषधाच्या दुकानात मिळणारं युरियाचं क्रीम लावा, आणि अण्णांना अनवाणी वावरात जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात ढेकळं तापलेली असतात. दाढ काढायची असेल तर आधी कळवा, या गोळीवर जखम लवकर भरत नाही.

केस पांढरे होतील. हे सांगून ठेवायला हवं, नाहीतर माणूस आरशात बघून खचतो. सुनिटिनिबवर तर गंमतच होते, चार आठवडे गोळी आणि दोन आठवडे सुट्टी असा क्रम असतो, त्या हिशेबाने केस पट्ट्यापट्ट्यांनी पांढरे-काळे येतात. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर यायचे, त्यांच्या मिशीकडे बघून मी सांगायचो की सर, तुम्ही गोळ्यांची मागची फेरी दोन दिवस चुकवलीत. ते हसून कबूल करायचे.

एका गोष्टीवर मात्र हसायचं नाही. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर गावातल्या काविळीच्या औषधवाल्याकडे जायचं नाही. गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. सुरुवातीचे दोन-तीन महिने लिव्हरची तपासणी ठरलेल्या तारखांना, एकही न चुकवता. कुठलं भस्म, काढा, झाडपाला चालू असेल तर तोही सांगा, रागावणार नाहीत. रागावले तरी सांगा. आणि डोस कमी केला म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले असं समजू नका. सोसवेल तेवढा डोस वर्षभर घेतलेला, न सोसवणारा पूर्ण डोस दोन महिने घेण्यापेक्षा बरा.

पैशाचं. महात्मा फुले जनआरोग्य योजना जुलै 2024 पासून रेशन कार्डाचा रंग न बघता सगळ्यांना, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. (आपल्या आठही जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्यांना ती आधीही होतीच, सातबारा दाखवून. कित्येकांना ते कळलंच नाही.) योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. त्याला 'कॅन्सर बसतो का' असं मोघम विचारू नका, 'किडनीच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी कोणत्या गोळ्या पॅकेजमध्ये आहेत' असं नेमकं विचारा. संभाजीनगरचं आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय राज्य कर्करोग संस्था आहे, तिथे एकदा कागद दाखवाच. टाटाला दुसरं मत घ्यायला जायचं झालं तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री टायर एसीत भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या माणसाला 75 टक्के सूट. डॉक्टरांच्या सहीचा ठरलेला फॉर्म लागतो. धर्मादाय हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, हेही विचारण्यासारखं.

आता वावर.

गोळीने हा आजार मुळापासून जात नाही, रोखला जातो. कुणाला काही महिने, कुणाला काही वर्षं. हे वाचायला कडू आहे, पण खर्चाचा हिशेब यावरच बसतो. हा ऑपरेशनसारखा एकदाच होणारा खर्च नाही, दर महिन्याचा आहे, आणि किती महिने चालेल हे पहिल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. एकरकमी आलेला पैसा घरात असला की तो एकरकमी उपायाकडेच ओढला जातो. पाहुणे येतात, महागडं नाव सांगतात, आणि 'आता पैसे आहेतच' म्हणून ते घेतलं जातं. मी हे इतक्यांदा पाहिलंय की गिऱ्हाइकाने दोन हजारांच्या नोटांचं बंडल काढलं की माझ्या पोटात गोळा यायचा.

पहिली सीटी गोळी सुरू केल्यापासून साधारण दोन-तीन महिन्यांनी होते. तेव्हा कळतं की अण्णांना ती लागू पडतेय का, सोसतेय का. तोवरचा खर्च 11,500 च्या हिशेबाने, तपासण्या धरून, तुम्हाला तूर विकूनही बसेल. योजनेत बसलात तर तेवढाही नाही. तेव्हा इसारवाल्याला सांगा, पहिल्या सीटीनंतर बघू. आणि उद्या सकाळी आधी तो बायोप्सीचा कागद शोधा, क्लिअर सेल लिहिलंय का बघून कळवा. दुसरं काही लिहिलं असेल तर वरचं बरंचसं मला पुन्हा लिहावं लागेल.